वाचकांचे प्रश्न : कोठडीतला मृत्यू, फुकटचे जेवण आणि देशादेशांची तुलना

प्रश्न : इंग्लंडमध्ये पोलिसांविरुद्ध दरवर्षी हजारो तक्रारी नोंदल्या जातात, असे वाचनात आले. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर आपल्याकडे नोंदल्या जाणाऱ्या तक्रारी फारच कमी भरतात. मग आपले पोलीस तिथल्यापेक्षा बरे वागतात, असा अर्थ घ्यायचा का? की असे आकडे शेजारी-शेजारी मांडणेच चुकीचे आहे? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग बरोबर आहे. तक्रारींच्या संख्येवरून दोन देशांतील पोलिसांच्या वर्तनाची तुलना करता येत नाही, आणि ती का करता येत नाही हे एकदा नीट समजून घेतले की या विषयावरच्या बऱ्याच बातम्या वेगळ्या नजरेने वाचता येतात.

एखाद्याला पोलिसाने मारहाण केली, इथपासून ती घटना एखाद्या वार्षिक अहवालात एक आकडा म्हणून उमटते, इथपर्यंतचा रस्ता लांब आहे. मार खाणाऱ्याला आपल्यावर अन्याय झाला असे वाटावे लागते, कारण अनेकांना पोलिसांचा मार हा ठाण्यात जाण्याचाच एक भाग वाटतो. मग तक्रार कोठे करायची हे त्याला माहीत असावे लागते. तक्रार घेणारा माणूस ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचाच सहकारी असेल, तर पुन्हा त्याच ठाण्याची पायरी चढण्याचे धैर्य लागते. तक्रार लिहून घेतली गेली पाहिजे, तिला क्रमांक मिळाला पाहिजे, आणि ती ‘अर्ज निकाली’ या शेऱ्याखाली गडप होता कामा नये. या प्रत्येक टप्प्यावर काही माणसे गळतात आणि शेवटी उरतात ती आकड्यात येतात. त्यामुळे तक्रारींची संख्या ही पोलिसांच्या वागण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, तक्रार करण्याच्या सोयीची आणि निर्भयतेची मोजणी असते.

इंग्लंड आणि वेल्सचेच उदाहरण घ्या. तेथे पोलिसांवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा 1985, 2004 आणि 2018 अशा टप्प्यांनी बदलत आजच्या स्वरूपाला आली. 1 फेब्रुवारी 2020 पासून तेथे ‘तक्रार’ या शब्दाची कायदेशीर व्याख्याच रुंदावली आणि पोलीस दलाविषयी नागरिकाने व्यक्त केलेली कोणतीही नाराजी तक्रारीत धरली जाऊ लागली. साहजिकच आकडा वाढला. पोलीस काही एका रात्रीत बिघडले नव्हते. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत, असे ती देखरेख यंत्रणा स्वतःच सांगते. एकाच देशाची त्याच्याच कालच्या आकड्याशी तुलना जिथे टिकत नाही, तिथे त्याची भारताशी तुलना कशी टिकेल?

उत्तर आयर्लंडमध्ये 2000 साली पोलिसांविरुद्धच्या सर्व तक्रारी पोलीस दलाबाहेरच्या एका स्वतंत्र ऑम्बड्समनकडे, म्हणजे तक्रारींची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सोपवल्या गेल्या. अनेक दशकांच्या हिंसाचारानंतर तेथील एका मोठ्या समाजाचा पोलिसांवर काडीचाही विश्वास उरलेला नव्हता. अशा ठिकाणी माणसे तक्रार घेऊन येऊ लागली, तर ती वाढ विश्वासाची खूण असू शकते.

आता आपल्याकडे पाहू. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांत राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापन करण्याचा निर्देश होता. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून तशी तरतूद केली. माझी आपल्याला विनंती आहे की, आपल्या ओळखीच्या दहा सुशिक्षित माणसांना या प्राधिकरणाविषयी विचारून पाहावे. ज्या दाराचा पत्ताच लोकांना ठाऊक नाही, तिथे किती जण आले या संख्येवरून पोलिसांच्या चांगुलपणाचा निष्कर्ष काढणे मला गैर वाटते.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला वर्षानुवर्षे अस्वस्थ करत आली आहे. नॉर्वे हा देश या बाबतीत नेहमी वरच्या पंक्तीत बसवला जातो. तिथल्या बर्गन शहरात नॉर्डहुस आणि फोग्ट या दोन अभ्यासकांनी शहरातील हिंसेचा अभ्यास करताना पोलिसांकडून होणारी मारहाणही नोंदवली आणि 1981 मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे काय झाले? पोलिसांवर आरोप करणाऱ्यांपैकी काही जणांवरच खोटी तक्रार केल्याचे खटले भरले गेले आणि त्यांना शिक्षा झाल्या. त्यातल्या अनेकांना निर्दोष ठरवले जायला 1998 साल उजाडावे लागले. अशा प्रकरणानंतर त्या शहरात तक्रारींची संख्या घटली असती, तर त्या घटीला सुधारणा म्हणता आले असते का, याचा विचार आपणच करावा.

प्रश्न : तक्रारीचे समजले. पण मृत्यू तर लपवता येत नाही. कोठडीतील किंवा पोलिसांच्या गोळीने झालेले मृत्यू मोजून देशांची तुलना करायला काय हरकत आहे? (एक वकील, नागपूर)

उत्तर : मृत्यू हे सर्वांत भक्कम माप आहे, हे मान्य. म्हणूनच तौलनिक संशोधन करणारे बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. परंतु मृत्यू लपत नसला तरी त्याचे कारण लपते, आणि ज्या रकान्यात तो जायला हवा तो रकाना बदलता येतो.

घरचेच उदाहरण पुरेसे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2021 या वर्षात देशभरात पोलीस कोठडीत 88 मृत्यू झाले, त्यांपैकी 21 महाराष्ट्रातले. पोलीस कोठडीतील प्रत्येक मृत्यूची खबर 24 तासांच्या आत कळवली पाहिजे, असा दंडक राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 1993 च्या डिसेंबरमध्येच घालून दिला आहे. त्या आयोगाकडील नोंदींच्या आधारे सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात 2021-22 या वर्षाचा आकडा 175 आहे. त्याच्या आदल्या वर्षीही हेच दिसते : एकीकडे 76, दुसरीकडे 100. एक मोजणी जानेवारी ते डिसेंबर आणि दुसरी एप्रिल ते मार्च अशी असते, हे खरे आहे. पण तीन महिन्यांच्या सरकण्याने दुपटीचे अंतर पडत नाही. दोन सरकारी दफ्तरे, एकच देश, आणि दोन वेगळी उत्तरे. परदेशी अभ्यासक जेव्हा भारताचा आकडा एखाद्या तक्त्यात बसवतो, तेव्हा त्याने यांपैकी कोणता उचलला यावर आपले स्थान ठरते.

शिवाय मृत्यूचे कारण कोण लिहितो? आजारपण, आत्महत्या, पळून जाताना पडून दुखापत, रुग्णालयात उपचारादरम्यान मृत्यू, हे रकाने आपल्या तक्त्यात असतात, आणि पोलिसांच्या मारहाणीने झालेला मृत्यू हा रकानाही असतो. कोणता मृत्यू कोणत्या रकान्यात टाकायचा याची पहिली नोंद मात्र ज्यांच्या ताब्यात तो माणूस मेला, त्यांच्याच दप्तरात होते. फौजदारी प्रक्रिया संहितेत 2005 मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडून व्हावी असे ठरले, ते याच कारणासाठी. आपण वकील आहात. ही तरतूद प्रत्यक्षात किती पाळली जाते हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक असेल.

व्याख्येचाही प्रश्न आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये कोठडीतून सुटल्यावर दोन दिवसांच्या आत कोणी आत्महत्या केल्याचे दिसले, तर तो मृत्यूही पोलिसांशी संबंधित म्हणून वेगळ्या गटात मोजला जातो. आपल्या राष्ट्रीय तक्त्यात असा रकानाच नाही. रात्रभर मार खाऊन सकाळी सुटलेला आणि संध्याकाळी घरी मेलेला माणूस आपल्या कोठडीतील मृत्यूंमध्ये येत नाही. चकमकीत मेलेला माणूसही वेगळ्या वाटेने जातो. मुंबईतील चकमकींच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, तेव्हा कोठे अशा प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी व्हावी हे स्पष्ट शब्दांत आले.

ही अडचण केवळ आपली आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेसारख्या आकड्यांच्या शौकीन देशाकडे पोलिसांच्या हातून किती माणसे मरतात याचा विश्वासार्ह सरकारी आकडा नव्हता. 2014 मध्ये फर्ग्युसन येथे एका कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळी घालून मारल्यानंतर वृत्तपत्रांनी स्वतःच मोजायला घेतले. वॉशिंग्टन पोस्टने 2015 पासून स्थानिक बातम्या, पोलिसांची निवेदने, समाजमाध्यमे चाळून पोलिसांच्या गोळीबारातील प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली, तेव्हा ही संख्या वर्षाला सुमारे एक हजार असल्याचे दिसले. एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेच्या दफ्तरी त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते, कारण माहिती देणे पोलीस दलांच्या इच्छेवर सोपवलेले होते. पुढे 2021 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात 1980 ते 2018 या काळात पोलिसांच्या हिंसेने सुमारे 30,800 मृत्यू झाले असा अंदाज मांडला होता, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे 55.5 टक्के, मृत्यू सरकारी मृत्युनोंदणीत दुसऱ्याच कारणाखाली गेले होते. मृत्यूचा दाखला भरणाऱ्याने पोलिसांचा उल्लेख केला नाही की तो मृत्यू साध्या खुनात जमा होतो. लपवाछपवी न करताही, केवळ एका ओळीच्या वगळण्याने, हजारो माणसे हिशेबातून निघून गेली.

ब्राझीलमध्ये उलट चित्र आहे. तेथे आकडा उपलब्ध आहे आणि तो भयंकर आहे. 2020 मध्ये पोलिसांच्या हातून 6,416 माणसे मारली गेली. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्यांची संख्या बहुतेक वर्षी एक आकडी असते. एवढी तफावत असते तेव्हा व्याख्यांचा कीस काढून ती पुसता येत नाही. तिथे तुलना होते आणि ती झालीच पाहिजे.

अशा ठिकाणी मला सर्वांत उपयोगी वाटणारी युक्ती पॉल शेविग्नी या अमेरिकी अभ्यासकाने लॅटिन अमेरिकेतील पोलिसांचा अभ्यास करताना वापरली. त्यांनी मृतांची संख्या एकटी न पाहता ती जखमींशी ताडून पाहिली. खऱ्या गोळीबारात, युद्धातसुद्धा, जखमी हे मृतांपेक्षा अधिक असतात. एखाद्या शहरात पोलिसांच्या कारवाईत मृत पुष्कळ आणि जखमी जवळजवळ नाहीतच, असे वर्षानुवर्षे दिसले, तर त्या गोळ्या स्वसंरक्षणासाठी झाडल्या गेल्या होत्या यावर विश्वास ठेवणे कठीण होते. मारले गेलेले नागरिक आणि मारले गेलेले पोलीस यांचे प्रमाण, आणि देशातील एकूण खुनांत पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंचा वाटा, ही मापेही याच जातीची. त्यांचा मोठा गुण असा की, देशाची लोकसंख्या, गुन्हेगारी, पोलिसांचे संख्याबळ वेगवेगळे असले तरी प्रमाण बोलते. आपल्याकडच्या चकमकींचे वृत्तांत वाचताना जखमींचा आकडा शोधण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

प्रश्न : माझे वडील पोलीस दलात हवालदार होते. त्यांनी आयुष्यभर कोणाचा पैसा घेतला नाही, तरी ‘पोलीस म्हटले की असेच’ हे आम्ही ऐकत आलो. गैरवर्तनाऐवजी पोलिसांचा प्रामाणिकपणा मोजण्याची काही पद्धत आहे का? आणि पोलिसांनाच विचारले तर ते खरे सांगतील का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार बरे वाटले, कारण नेमका हाच विचार करून एक संपूर्ण संशोधनपरंपरा उभी राहिली आहे. कार्ल क्लॉकर्स, सान्या कुट्न्याक इव्कोविच आणि मारिया हॅबरफेल्ड या अभ्यासकांनी 1990 च्या दशकात असे मांडले की, ‘तुम्ही लाच घेता का’ असे विचारून कोणी उत्तर देणार नाही; पण सचोटी ही दलाच्या वातावरणात असते आणि वातावरणाविषयी माणसे बोलतात. म्हणून त्यांनी 11 छोटे काल्पनिक प्रसंग लिहिले. एक पोलीस आपल्या हद्दीतल्या उपाहारगृहात फुकट जेवतो. एकाला सणासुदीला दुकानदार भेटी देतात. एक जण वेगात गाडी चालवणाऱ्याकडून पैसे घेऊन त्याला सोडतो. घरफोडीच्या तपासाला गेलेला एक जण दुकानातले घड्याळ खिशात घालतो. दारू पिऊन अपघात केलेल्या सहकाऱ्याला दुसरा झाकून घेतो. पाठलागानंतर पकडलेल्या चोराला दोघे मिळून शिक्षा म्हणून बुकलतात.

प्रत्येक प्रसंगाखाली तेच प्रश्न : हे तुम्हाला किती गंभीर वाटते, तुमच्या सहकाऱ्यांना किती वाटेल, हे नियमाविरुद्ध आहे का, याला कोणती शिक्षा व्हायला हवी, प्रत्यक्षात कोणती होईल, तुम्ही याची खबर द्याल का, तुमचे सहकारी देतील का. यातला ‘सहकारी’ हा शब्द मला विशेष महत्त्वाचा वाटतो. स्वतःविषयी माणूस जपून बोलतो, शेजाऱ्याविषयी मोकळेपणाने. नाव, वय, लिंग असे काही विचारले जात नाही, म्हणजे कोणी ओळखू येऊ नये. आणि अगदी शेवटी विचारतात, तुम्ही खरी उत्तरे दिलीत का, आणि इतर देतील असे वाटते का.

अमेरिकेतील 30 पोलीस दलांतल्या 3,235 अधिकाऱ्यांनी ही प्रश्नावली भरली. चोरी आणि लाच सर्वांनाच गंभीर वाटली. फुकटचे जेवण, भेटवस्तू, आणि सहकाऱ्याचा दारूच्या नशेतला छोटा अपघात यांची मात्र बहुतेकांनी खबर दिली नसती. जो प्रकार अधिक गंभीर वाटला त्याला अधिक कडक शिक्षा होईल अशी अपेक्षा होती, आणि त्याची खबर देण्याची तयारीही अधिक होती. या तीन गोष्टी हातात हात घालून चालतात, हा या पद्धतीचा सर्वांत उपयोगी निष्कर्ष. शिवाय एकाच देशातल्या दोन दलांत मोठे अंतर निघाले, म्हणजे ‘पोलीस म्हटले की असेच’ हे आपल्याला टोचणारे वाक्य संशोधनानेही खोटे पाडले आहे. पुढे क्रोएशिया, फिनलंड, जपान, दक्षिण आफ्रिका अशा अनेक देशांत ही प्रश्नावली नेली गेली.

तिच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. हे मत आहे, कृती नाही. प्रसंग अमेरिकेत लिहिले गेले आणि तिथल्या नियमांवर बेतलेले आहेत. सणाची भेट नाकारणे हाच अपमान समजला जातो अशा समाजात तो प्रसंग वेगळाच अर्थ घेतो. वरिष्ठांनी हुकूम काढून प्रश्नावल्या वाटल्या तर उत्तरे देणाऱ्याला आपली गोपनीयता खरी वाटत नाही, आणि परवानगीच न देणारे देश तर तक्त्यात कधी येतच नाहीत. माझ्या मते ही शेवटची उणीव सर्वांत मोठी आहे, कारण ज्यांच्याविषयी जाणून घेण्याची सर्वाधिक गरज आहे तेच त्यामुळे बाहेर राहतात.

भारतात या धर्तीच्या जवळचे काम कॉमन कॉज ही स्वयंसेवी संस्था आणि सीएसडीएस ही सामाजिक संशोधनसंस्था यांनी केले आहे. त्यांच्या 2019 च्या पाहणीत 21 राज्यांतले 11,834 पोलीस कर्मचारी होते. किरकोळ गुन्ह्यांत खटल्यापेक्षा पोलिसांनीच छोटीशी शिक्षा करून मोकळे व्हावे, असे त्यांतील 37 टक्के कर्मचाऱ्यांना वाटत होते. म्हणजे मारहाण ही केवळ काही रागीट माणसांची चूक नाही. पाहणीतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कर्मचाऱ्यांना पोलिसांनीच शिक्षा करणे योग्य वाटते. त्याच पाहणीत कामाचे लांबलेले तास, हक्काच्या सुट्ट्या न मिळणे आणि अपुऱ्या सोयी याही नोंदल्या आहेत, आणि आपल्या वडिलांनी त्या भोगल्या असतीलच.

प्रश्न : पोलिसांच्या लाचखोरीत भारत आशियात सर्वांत वर, अशी बातमी मध्यंतरी होती. ते कसे मोजतात? (एक दुकानदार, मडगाव)

उत्तर : ती बातमी बहुधा ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2020 च्या आशियाई पाहणीची असावी. सर्व सरकारी सेवा मिळून लाच देणाऱ्यांचे भारतातील प्रमाण 39 टक्के, म्हणजे त्या पाहणीतल्या देशांत सर्वाधिक होते. पोलिसांपुरता आकडा 42 टक्के आहे, पण तो साऱ्या नागरिकांपैकी नाही. ज्यांचा आदल्या वर्षभरात पोलिसांशी संबंध आला त्यांच्यापैकी आहे. अंश सगळे सांगतात, छेद कोणी सांगत नाही. हीच पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही स्वीकारली गेली आहे आणि ती योग्य आहे, कारण इथे लोकांचा अनुभव विचारला जातो. ‘तुमच्या देशात भ्रष्टाचार किती आहे असे वाटते’ हा प्रश्न वेगळा. त्याच्या उत्तरात वर्तमानपत्रे, निवडणुका आणि ताजी प्रकरणे सारेच मिसळलेले असते.

प्रश्न : मला पदव्युत्तर प्रबंधासाठी महाराष्ट्र आणि दक्षिण आफ्रिका यांतील पोलिसी छळाची तुलना करायची आहे. आकडे कोठून घ्यावेत? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : दक्षिण आफ्रिकेची निवड चांगली आहे, पण विषय थोडा बदलावा लागेल. तेथे 2012 पासून काम करणाऱ्या स्वतंत्र तपास संचालनालयाच्या कायद्यातच कोठडीतील मृत्यू, पोलिसांच्या कारवाईतील मृत्यू, पोलिसाने केलेला बलात्कार, छळ, असे प्रकार वेगवेगळे नोंदण्याची सक्ती आहे आणि अशा घटनेची खबर ताबडतोब देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. 2013 मध्ये छळ हा तेथे स्वतंत्र गुन्हाही झाला. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर 1997 मध्ये सही केली, पण त्याला अनुसमर्थन, म्हणजे बंधनकारक करणारी अंतिम मान्यता, दिलेले नाही, आणि 2010 मध्ये लोकसभेत मंजूर झालेले छळ प्रतिबंधक विधेयक पुढे कायदा बनले नाही. आपल्याकडे कबुलीजबाबासाठी दुखापत करणे हा गुन्हा आहे. ‘छळ’ या नावाचा रकाना नाही. म्हणून तिथला छळाचा आकडा मोठा आणि आपला शून्य दिसेल, आणि तो शून्य आपण कृपया कोठेही छापू नये.

त्याऐवजी कोठडीतील मृत्यू हा समान दुवा धरावा. छेद म्हणून लोकसंख्या न घेता वर्षभरातील अटकांची संख्या घ्यावी, कारण कोठडीत जाण्याचा धोका फक्त अटक झालेल्यालाच असतो. महाराष्ट्रासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आणि मानवी हक्क आयोग यांचे दोन्ही आकडे स्वतंत्र रकान्यांत द्यावेत, सरासरी काढू नये. माहितीच्या अधिकाराखाली निवडक दोन-तीन जिल्ह्यांतून अशा मृत्यूंची तारीख, नोंदवलेले कारण, न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी झाली की नाही आणि तिचा निकाल मागवावा. अर्ज लगेच करावा, कारण पहिल्या उत्तरानंतर बहुतेक वेळा अपील करावे लागते आणि त्यात आपले एक सत्र सहज निघून जाईल.